पाहुण्याच्या हाताचं माप

१

सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात दातबाईंना हाक मारायची नाही, हा त्या घरातला नियम सव्वीस वर्षं कुणी मोडला नव्हता. फोन वाजून वाजून दमला तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. मागच्या खोलीत बाईंचं काम चालायचं. आसपासचे सात-आठ दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं त्यांच्याकडे पाठवत. बाई त्या मापांत प्लास्टर ओतून साचा काढत, साच्यावर मेणात दात रचत आणि त्यावरून कवळ्या, कॅप, एखाददुसरा एकटा खोटा दात असं सगळं तयार करून परत पाठवत. केसाइतका फरक पडला तरी बिचारं म्हातारं माणूस जेवताना डोळ्यांतून पाणी काढतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या बोलायच्या कमी आणि मोजायच्या जास्त.

त्यांचे यजमान अगदी उलट. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सगळ्या गल्लीचे भूगोलसर. सरांना मोजमापाचं वावडं आणि बोलण्याची भारी हौस. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. बाहेरच्या खोलीत एक होकायंत्र होतं, ते उत्तर सोडून बाकी कुठलीही दिशा दाखवायचं. एक हवामानयंत्र होतं, त्याच्या मते बाहेर कायम वादळ चालू असायचं.

"घरात शहाणं माणूस एकच पुरे," सर म्हणायचे. "बाकीचं सगळं बिघडलेलं असलं की तुझी किंमत कळते."

"आणि तुम्ही कुठल्या यादीत?" बाई विचारायच्या.

"मी संग्रहातली सगळ्यात जुनी वस्तू."

तर त्या दिवशी अकरा वाजता मागच्या खोलीच्या दारावर थाप पडली. बाईंच्या हातातला मेणाचा चाकू थबकला. त्यांनी दार उघडलं. सर उभे होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा प्लास्टरसारखा पांढरा, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं एक जडसं काहीतरी.

"अगं, नियम मोडला. माफी असावी," ते धापा टाकत म्हणाले. "पण पाहुणे आलेत."

२

ते ब्राँझचं शिल्प होतं. दीड वीत उंच, पण उचलायला जावं तर खांद्यातून हात ओढणारं. दोन पुरुष एकमेकांना भिडलेले. एकाने पाय रोवून दुसऱ्याच्या कमरेला विळखा घातला होता आणि मागे हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती. दुसरा त्याच्यावर वाकला होता. त्याचा चेहरा पहिल्याच्या मानेत इतका खोल गेला होता की शिल्प कुठूनही फिरवून पाहा, केसांखेरीज काही दिसत नव्हतं.

"भांडतायत की गळ्यात पडलेत?" बाईंनी विचारलं.

"तिथेच तर गंमत आहे," सर म्हणाले. पाणी पिऊन, खुर्चीत टेकून त्यांचा रंग आता बराच परतला होता. "हा खाली पाय रोवलेला याकोब. बायबलमधली फार जुनी गोष्ट आहे. हा एकटाच नदीकाठी थांबलेला असतो. अंधारात कुणीतरी येऊन त्याला भिडतं. कोण, कुठला, काही पत्ता नाही. लोक म्हणतात देवदूत, मी म्हणतो पाहुणा. रात्रभर दोघांची झोंबाझोंबी. उजाडायला लागतं तेव्हा पाहुणा म्हणतो, सोड आता, मला जायचंय. हा म्हणतो, काहीतरी चांगलं पदरात टाकून जा, त्याशिवाय हात सोडायचा नाही."

"मग?"

"मग पाहुणा याच्या जांघेच्या सांध्याला नुसता हात लावतो. नुसता. सांधा निखळतो. तरी हा सोडत नाही."

"जिंकलं कोण?"

"हा प्रश्न पेपरात आला असता तर मी सोडून दिला असता," सर म्हणाले.

शिल्पकाराने नेमका स्पर्शाच्या आधीचा क्षण पकडला होता. पाहुण्याचा उजवा हात याकोबच्या जांघेकडे निघालेला, पण अजून पोचलेला नाही. मध्ये फट. आणि त्या हाताची करंगळी मुळापासून तुटलेली.

"तू माणसांना दात देतेस," सर लाडीगोडी लावत म्हणाले, "याला एक बोट दे."

बाई नाही म्हणू शकल्या असत्या. कामाचा ढीग होता. पण सर इतक्या आशेने बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्या हाताची घडण बाईंनाही आवडली होती. नखं होती, पेरांवरच्या सुरकुत्या होत्या. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं.

त्याच दुपारी त्यांनी मापाची पेस्ट कालवली, पाहुण्याचा हात आणि खालची जांघ यांचं एकत्र माप घेतलं, त्यात प्लास्टर ओतलं. साचा सुकल्यावर सवयीप्रमाणे तळाशी पेन्सिलने तारीख घातली आणि तळवा ते जांघ हे अंतर कॅलिपरने मोजून लिहिलं. नऊ मिलिमीटर.

३

बोट तयार व्हायला आठ दिवस लागले. बाईंनी ते साच्यावर मेणात घडवलं, धातूत ओतलं, घासून गुळगुळीत केलं, रंग जुळवला. साच्यावर बसवून पाहिलं तर असं बसलं की सांधा दिसेना. मग त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि शिल्पावर बसवू लागल्या.

बसेना.

त्यांनी फिरवून पाहिलं, थोडं घासून पाहिलं. शेजारचं बोट आड येत होतं. साच्यात ते जेवढं वाकलेलं होतं त्याहून जरा जास्त वाकलं होतं. जरासंच.

असं झालं की बाईंचं डोकं एका ठरलेल्या वाटेने जायचं. माप काढताना पेस्ट ओढली गेली असेल. पाणी जास्त झालं असेल. प्लास्टर फुगलं असेल. चूक नेहमी मापात असते, तोंडात नसते, हे त्यांनी हाताखाली काम शिकायला येणाऱ्या मुलींना शंभरदा सांगितलं होतं.

त्यांनी दुसऱ्यांदा माप घेतलं. या खेपेला पाणी मोजून, वेळ लावून. दुसरा साचा पहिल्याशेजारी ठेवला आणि दिव्याखाली धरला.

दोन्ही साचे स्वच्छ होते. कुठे ओढ नाही, बुडबुडा नाही. फक्त दुसऱ्यातला हात थोडा मिटलेला होता आणि थोडा खाली आलेला होता. कॅलिपरमध्ये आकडा आला सात.

बाईंनी कॅलिपर पुसला, शून्यावर आणला, परत मोजलं. सात.

धातू त्यांना परका नव्हता. हजार अंशांना तो पाण्यासारखा वाहतो, निवताना थोडा आकसतो, आणि एकदा थंड झाला की झाला. मग तो शंभर वर्षं तसाच राहतो. कवळीतली तार वाकते, कारण माणूस ती चावतो. इथे कोण चावत होतं?

बाहेरून सरांची हाक आली. "अगं, चहा टाकतोय, घेणार ना?" आणि त्यांच्या चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला. बाई तो आवाज ऐकत राहिल्या. एक पाऊल नीट पडत होतं. दुसरं घासत होतं.

४

"पाय का ओढताय?"

"ओढतोय?" सर खाली बघून म्हणाले, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा होता. "जरा आखडलाय. वय झालं, डॉक्टरीणबाई. तुझ्यासारखं मेणाचं थोडंच आहे, की गरम केलं आणि सरळ केलं."

बाईंनी जबरदस्तीने त्यांना दवाखान्यात नेलं. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, पाय वाकवून पाहिला, सांध्यात काही नाही म्हणाले. चालत राहा, वजन वाढवा म्हणाले. सरांचं वजन खरंच उतरलं होतं. पँट पट्ट्यात गोळा होत होती.

घरात आता एक नवीन आवाज होता. बाईंची धातू वितळवायची भट्टी बंद केल्यावर निवताना टिक, टिक करायची. तसाच आवाज. पण भट्टी मागच्या खोलीत होती, आणि आवाज बाहेरच्या खोलीतून यायचा, दुपारी, सगळं शांत असताना. एकदा टिक, मग बराच वेळ काही नाही. बाईंनी आधी हवामानयंत्र तपासलं. मग खिडकीची बिजागरं. मग पंखा. शिल्प त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि ते शेवटी का पाहिलं, हे स्वतःलाही सांगितलं नाही.

दुपारचं जेवण झालं की सर त्या शिल्पाजवळच्या खुर्चीत बसत. डावा हात याकोबच्या पाठीवर ठेवून वाचत. वाचता वाचता डोळा लागला तरी हात तिथेच. एकदा बाई पांघरूण घालायला गेल्या आणि सरांचा हात बाजूला करताना त्यांचं बोट ब्राँझला लागलं. ते कोमट होतं. हाताखाली होतं म्हणून, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग त्यांनी पाहुण्याच्या पाठीला बोट लावलं. तिथे कुणाचाच हात नव्हता. तीही कोमट होती, आणि थोडी ओलसर.

तिसरं माप घेतलं तेव्हा आकडा चार आला.

५

तीन साचे ओळीने जेवणाच्या टेबलावर मांडून बाईंनी सरांना समोर बसवलं. त्यांना वाटलं होतं, सर हसतील. तू दमलीस, चार दिवस काम बंद ठेव, लेकीकडे जाऊन येऊ, असं काहीतरी म्हणतील. बाईंना तेच ऐकायचं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आपलं माप चुकलंय असं कुणीतरी सांगावं, म्हणून त्या आसुसल्या होत्या.

सरांनी एकेक साचा हातात घेतला. तळाचे आकडे वाचले. हसले नाहीत.

"किती उरलंय म्हणालीस?"

बाई म्हणाल्या, "चार मिलिमीटर."

"बरंय मग," सर म्हणाले, आणि साचा अलगद खाली ठेवला.

"काय बरंय? अहो, काय बरंय? तुम्हाला माहीत होतं हे?"

"अगं, बस आधी."

"मी उद्या ते दुकानात परत देऊन येते."

"नको." सरांचा आवाज चढला नव्हता, पण असा आवाज बाईंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वर्गातल्या दंगेखोर मुलालासुद्धा सर असं बोलले नसतील. मग त्यांनी टेबलावरून हात पुढे करून बाईंचा हात धरला, आणि त्यांचा नेहमीचा सूर परत आला. "अजून थोडे दिवस राहू दे. तुझ्या त्या प्लास्टरच्या दातांनी भरलेल्या खोलीबद्दल मी कधी तक्रार केली का? रात्री पाणी प्यायला उठलो की साठ माणसं माझ्याकडे बघून हसत असतात."

बाईंना हसू आलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टिक झालं. सरांनी मान वळवली नाही. पण बाईंचा हात धरलेली त्यांची बोटं आवळली गेली, आपोआप, पडणारं माणूस कठडा धरतं तशी.

६

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सरांचा डोळा लागला. आज ते बिछान्यावर झोपले होते. बाईंनी भाजीची चाकांची पिशवी रिकामी केली, शिल्प जुन्या चादरीत गुंडाळून तिच्यात ठेवलं आणि घराबाहेर पडल्या. चोरी करतोय असं वाटत होतं. पण नवऱ्याचा पाय आणि ती फट यांचा काहीतरी संबंध आहे, एवढं त्यांच्या मनाने धरलं होतं. संबंध काय, हे कळायची वाट बघत बसायला त्या तयार नव्हत्या.

जुन्या वस्तूंचं दुकान तीन चौक पलीकडे होतं. दुकानदारीण जाडजूड, बोलघेवडी, नाकावर चष्मा. बाईंनी नाव सांगताच ती लगबगीने उठली.

"सरांच्या मिसेस का? या, या. कसे आहेत सर? मी रोज म्हणते, एकदा चौकशी करावी. तुम्ही म्हणून सांगते, त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं."

"कुठल्या दिवशी?"

दुकानदारणीने चष्मा काढला. "त्यांनी घरी सांगितलं नाही?"

बाईंनी पिशवी पायाशी उभी केली. "काय झालं होतं?"

"इथेच, या कपाटापाशी. छातीला हात लावला आणि खाली बसायला लागले. ओठ निळे पडले हो. पडता पडता हाताला लागलं ते धरलं, ते तुमच्याकडचं शिल्प. मी अँब्युलन्सला फोन लावायला धावले. मागे बघते तर श्वास बंद. खरंच सांगते, बंद. मी आरशाचा तुकडा नाकाशी धरला होता." तिने चष्मा परत नाकावर चढवला. "मग त्या शिल्पात काहीतरी टिकटिकलं. आणि सर उठून बसले. म्हणाले, हे मी नेतो. मी म्हटलं, द्या, कागदात बांधून देते. पण हात सोडतील तर ना! तसेच मिठीत घेऊन टॅक्सीत बसले. म्हणाले, घरी काही कळवू नका, बायकोच्या कामाची वेळ आहे."

त्या दिवसाचा तो पांढरा चेहरा त्यांच्यासमोर आला. पाहुणे आलेत म्हणत उभा राहिलेला तो माणूस.

तेवढ्यात पिशवीतून आवाज आला. टिक. लगेच पुन्हा टिक. आणि मग सलग, तापलेल्या तव्यावर थेंब पडावेत तसा.

बाईंनी चादर सारली. पाहुण्याचा हात होता तिथेच होता. चार मिलिमीटरवर. सरकलं होतं ते दुसरंच काहीतरी. याकोबने पाहुण्याच्या पाठीमागे एकमेकांत अडकवलेली बोटं, जी बाईंनी कधी मोजलीच नव्हती, ती सुटत चालली होती. तीन सुटली होती. त्या बघत असतानाच चौथं सैल झालं.

म्हणजे इतके दिवस आपण चुकीच्या हाताचं माप घेत होतो, हे त्यांना तिथे, त्या दुकानात कळलं. कोण येतंय याला महत्त्व नव्हतं. कोण सोडतंय याला होतं.

७

घरी कशा पोचल्या ते बाईंना पुढे कधी आठवलं नाही. पिशवीचं एक चाक वाटेत निखळलं होतं, एवढं मात्र नंतर दिसलं.

सर बिछान्यावर नव्हते. बाहेरच्या खोलीत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत होते. शिल्प शोधत आले असतील. डावा हात टेबलाच्या रिकाम्या जागेवर पसरलेला. डोकं एका बाजूला कललेलं. ओठ निळे.

खोलीत श्वास चालू होता. मोठा, जड, दमलेल्या माणसाचा. बाईंना हायसं वाटलं. त्या सरांच्या छातीकडे बघत होत्या. दोन वेळा तो श्वास आत गेला, दोन वेळा बाहेर आला. सरांची छाती हलली नाही.

पुढचं बाईंनी विचार करून केलं नाही. त्यांनी शिल्प उचलून सरांच्या मांडीवर ठेवलं, सरांचे दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. हात घसरून पडले. त्यांनी परत घातले, ते परत पडले. मग बाई खुर्चीच्या मागे गेल्या, पाठीमागून वाकून सरांच्या हातांवर आपले हात घातले, आणि पलीकडे, ब्राँझच्या पलीकडे, आपली बोटं एकमेकांत अडकवून आवळली.

"अहो, धरा," त्या म्हणाल्या. "धरा म्हणते ना! आयुष्यभर एक वस्तू टाकून दिली नाहीत, मोडकं होकायंत्र टाकवलं नाही तुम्हाला, आणि आता सोडताय? मला न सांगता? धरा!"

आधी ब्राँझ बर्फासारखं गार होतं. मग कोमट झालं. मग बाईंना ओढ जाणवली. समोरून, बाहेरच्या दिशेने, दाराकडे. घाईची नव्हती, रागाची नव्हती. उशीर झाला म्हणून निघू पाहणाऱ्याची असते तशी ओढ. खुर्ची फरशीवर करकरत वीतभर पुढे सरकली. बाईंनी भिंतीला टाच लावली. हातांना जे लागत होतं ते आता दीड वितीचं राहिलं नव्हतं. तिथे रुंद पाठ होती, भिजलेली, वरखाली होणारी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पण त्या मोजणाऱ्या बाई होत्या, आणि न बघता मोजता येत नाही. त्यांनी डोळे उघडले.

समोर पुस्तकांच्या कपाटाची काच होती. काचेत खुर्ची होती, सर होते, सरांच्या खांद्यावरून डोकावणारा बाईंचा स्वतःचा चेहरा होता. आणि सरांच्या मानेत तोंड खुपसून वाकलेलं कुणीतरी होतं. ते डोकं वर येत होतं. आधी कान दिसला. मग जबड्याची कड. जबडे बाईंनी हजारो पाहिले होते, पण या जबड्याचं माप कुठल्याच माणसाचं नव्हतं. मग डोळ्याचा कोपरा. त्या कोपऱ्यातून त्याने बाईंच्या अडकवलेल्या हातांकडे पाहिलं, दिवसभर उभं राहून काम केलेलं माणूस घड्याळाकडे बघतं तसं.

बाईंनी त्याला मान हलवून नाही म्हटलं.

त्यानंतर काच नुसती काच झाली, आणि खाली कुठेतरी सांधा निखळल्याचा आवाज आला. सर किंचाळले. बाईंनी आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात गोड आवाज होता.

८

सांधा बसवायला हॉस्पिटलात दोन डॉक्टर लागले. खुर्चीत बसलेल्या माणसाचा खुबा असा निखळतो कसा, हे त्यांना कळेना. हृदयाचा आलेख तर मोठ्या डॉक्टरांनी दोनदा पाहिला. मग म्हणाले, "नशीबवान आहात." सर म्हणाले, "नशीब नाही हो. बायको."

महिन्याभराने सर काठी घेऊन चालू लागले. डावा पाय जन्मभर असाच राहणार होता. वजन परत आलं, बडबड परत आली. एका संध्याकाळी बाईंनी विचारलं, त्या दिवशी मला का सांगितलं नाहीत. सरांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. "मला वाटलं होतं, आपल्याला एकट्याला झेपेल," ते म्हणाले. "तुझी कामाची वेळ होती ना."

"यापुढे नऊ ते एकसुद्धा हाक मारायची," बाई म्हणाल्या, आणि भांड्यांकडे वळल्या.

शिल्प टेबलावरच आहे. पाहुण्याचा तळवा आता जांघेला टेकलेला आहे. मध्ये मेणाची पातळ पट्टीही जात नाही. टिक असा आवाज येत नाही. याकोबच्या बोटांकडे मात्र बाई बघत नाहीत. पुसताना त्या बाजूने फडकं नुसतं फिरवतात.

एक गोष्ट त्यांनी सरांना सांगितली नाही. त्या दिवसापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. काहीतरी धरल्यासारखी आत वळलेली राहतात. डॉक्टर म्हणाले, हाताचं बारीक काम करणाऱ्यांना होतं असं, शिरा आखडतात. रोज गरम पाण्यात हात धरा आणि दुसऱ्या हाताने एकेक बोट हळूहळू सरळ करा. ऐकायला अगदी पटण्यासारखं. संध्याकाळी फिरायला निघाल्यावर तो वळलेला हात सरांच्या कोपरात जसा हवा तसा बसतो, त्यामुळे बाईंनी बरेच दिवस मनावर घेतलं नाही.

पण मेणाचा चाकू नीट धरता येईना, कामं तुंबू लागली. म्हणून काल सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवलं आणि हात बुडवला. बाहेरच्या खोलीत सर लेकीशी फोनवर बोलत होते. नेहमीचाच किस्सा चालला होता, लग्नानंतर पहिल्यांदा बाईंनी त्यांचे दात मोजल्याचा. बाई ऐकत, स्वतःशी हसत होत्या. पाण्याने बोटं सैल पडली. त्यांनी डाव्या हाताने करंगळी सरळ केली. मग शेजारचं बोट. मग मधलं उचललं.

"...आणि मग तुझी आई मला म्हणा..."

बाई थांबल्या. बाहेर आवाज नव्हता. फोनमधून लेकीचा बारीक स्वर येत होता, "हॅलो? बाबा? हॅलो?"

बाईंनी पाण्यात बोटं परत मिटली. एक, दोन, तीन.

"...ली, की जबडा जरा मोठाच आहे, पण चालेल," सर म्हणाले, आणि खो खो हसू लागले.

बाईंनी मिटल्या मुठीनेच पातेलं कलतं केलं आणि सगळं पाणी ओतून दिलं.